'आत्ता सिव्हिल घे, एसईला (दुसऱ्या वर्षी) कॉम्प्युटरला बदलून घेऊ': या भरवशावर प्रवेश घ्यावा का?

एमवन शिकवणारी, गंगापूर रोड

इंजिनिअरिंगच्या कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या सुरू झाल्या की दरवर्षी हेच ऐकते. "मॅडम, कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं. आत्ता सिव्हिल घेतो, एफईला (पहिल्या वर्षी) मार्क पाडतो आणि एसईला शाखा बदलतो." चौदा वर्षं एफईला एमवन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, शिकवतेय. माझं म्हणणं एवढंच, की या भरवशावर शाखा घेऊ नका.

पहिलं वर्ष संपल्यावर कॉम्प्युटरच्या मंजूर जागांपैकी ज्या रिकाम्या होतील, त्याच मिळतात, आणि त्याही एफईच्या गुणांच्या क्रमाने. पण कॉम्प्युटर सोडून जाणार कोण? गेल्या वर्षी आमच्याकडे दोन जागा निघाल्या, अर्ज चाळीसच्या घरात. यादी लागली तेव्हा मनमाडहून रोज अप-डाउन करणारी एक मुलगी बोर्डासमोर उभी होती. खांद्याला ड्रॉइंग शीटचा कंटेनर, बोट तिसऱ्या नावावर. ते तिचं नाव. एसजीपीए (सत्राचे सरासरी गुण) दहापैकी नऊच्या वर. वर्षभर तिनं सिव्हिलच्या वर्गात एक मैत्रीण केली नव्हती, कारण "मी इथं राहणारच नाही." मला म्हणाली, "मॅडम, आता मला सिव्हिल आवडून घ्यावं लागेल का?" मला उत्तर सुचलं नाही.

सटाण्याचा, आता पुण्यात

मॅडम, आदर ठेवून विरोध करतो. मी मेकॅनिकलमधून आयटीला बदललेला मुलगा आहे. सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, तीन तासांत दीडशे प्रश्न. त्या दिवशी मला ताप होता. त्या एका सकाळवर चार वर्षं ठरणार असतील, तर वर्षभराच्या इनसेम-एण्डसेमवर (सत्राच्या मधल्या आणि शेवटच्या परीक्षांवर) दुसरी संधी मिळणं हा न्यायच आहे. मॅनेजमेंटची सीट घेण्याची घरची ऐपत नव्हती, वडिलांची कांद्याची शेती. माझ्यासारख्याला तेवढं एकच दार होतं. तुम्ही 'भरवसा ठेवू नका' म्हणता, पण मुलं ऐकताना 'प्रयत्न करू नका' असं ऐकतात.

नाशिकरोडचा बाप

दोघांचंही पटतं, पण फी माफीचं कुणी बोललं नाही. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणून लेकीला कॅपमधून ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घेतलं. प्रवेशाच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी शाखाबदल होऊन जाईल." कुठल्या कॉलेजचा ते सांगत नाही. एक वर्षाने तोच म्हणाला, "जागाच निघाली नाही." चूक माझी इतकीच, की मागच्या तीन वर्षांत किती जागा निघाल्या हे तेव्हा विचारलं नाही. तुम्ही विचारा. आकडा सांगत नसतील तर 'होईल'वर विसंबू नका.

पंचवटीचा सिव्हिलवाला

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सिव्हिल, मेकॅनिकल म्हणजे गाडी येईपर्यंत बसायची जागा, असं धरूनच सगळे बोलताय. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक शहरात रस्ते, घाट, मलनिस्सारणाची कामं चालली आहेत. मी रोज सकाळी सात वाजता साइटवर असतो. परवा काँक्रीटचे क्यूब टेस्टिंगला पाठवले, त्यावर तारीख घालताना वाटलं की या घाटावर लाखो लोक उतरणार आहेत. मेकॅनिकलवाल्यांनी ओझरकडे बघावं: 17 ऑक्टोबर 2025 ला एचएएलच्या तिथल्या कारखान्यात बनलेलं पहिलं तेजस लढाऊ विमान उडालं. वर्षभर मन दुसऱ्या वर्गात ठेवून बसलेल्या पोराला यातलं काही दिसतच नाही.

सटाण्याचा, आता पुण्यात

दादा, कामाचा अभिमान मान्य. पण साइटवर नव्या पोराला पहिला पगार किती मिळतो, तेही इथं लिहा. घरात कर्ज असेल तर घाटाकडे बघून पोट भरत नाही.

पंचवटीचा सिव्हिलवाला

कमी मिळतो. मला पहिली दोन वर्षं फार कमी मिळाला, हे खोटं बोलणार नाही. तरी मी शाखा बदलली नसती.

एमवन शिकवणारी, गंगापूर रोड

सटाण्याच्या मुला, तुझं खरं आहे, माझं वाक्य तोकडं पडलं. प्रयत्न जरूर करा. पण ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम) भरताना ज्या शाखेत चार वर्षं काढायची तयारी नाही, ती यादीत टाकूच नका. पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत लागली तर ती आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते, मग पुढच्या फेऱ्यांचा उपयोग नाही. हव्या त्या शाखेसाठी लांबचं, लहान कॉलेज चालणार असेल तर ते वर ठेवा. आणि कॉम्प्युटरच शिकायचं असेल तर मायनर (आपल्या शाखेसोबत शिकायचा जोडविषय) आहे, गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा सीएसचा (कॉम्प्युटर सायन्सचा) पेपर सिव्हिलच्या मुलांनाही देता येतो.

नाशिकरोडच्या काकांना: लेक ईएनटीसीत रमली का?

नाशिकरोडचा बाप

अजून नाही, मॅडम. पण परवा घरातला बिघडलेला रेडिओ उघडून बसली होती, रात्री अकरापर्यंत. मी काही बोललो नाही.