नीट रिपीट करू की बीएएमएस (आयुर्वेदाची डिग्री) घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार, मी नाशिकची, सिडकोत राहते. यंदा मेडिकलच्या नीट परीक्षेला ७२० पैकी ३९२च आले. बायोला २६५ आहेत पण फिजिक्सनं वाट लावली, फक्त ६१, २० बरोबर अन् १९ चुकलेले, चुकीला एक मार्क कापतात माहीत असूनही शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजे गोळे भरत सुटले. पप्पा म्हणतात ड्रॉप घे, आई म्हणते बीएएमएस मिळतंय तर घे, अन् मावशीचा रोज फोन, काय ठरलं गं. क्लासची फी परत भरायला पप्पांना लोन काढावं लागेल, ते नकोच वाटतं. घरीच बसून फिजिक्सवर जोर दिला तर जमेल का? रिपीट केलेल्यांनी खरं सांगा, किती वाढले? कॉलेज रोडला चांगली अभ्यासिका असेल तर तीपण सांगा, आमच्याकडे टीव्ही बंदच होत नाही.