क्राबीला कयाकने समुद्राच्या गुहेत जायचंय, पोहता येत नाही, ६२ वर्षांची आई सोबत आहे. जावं का?

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, वेळ काढून वाचा प्लीज. मी नाशिकला इंदिरानगरला राहते, माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षाची बाग आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं थायलंडला क्राबीला चाललोय, मी, नवरा, १३ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. एप्रिल यासाठी की शेवटचा प्लॉट खाली झाल्याशिवाय आई घर सोडत नाही. वडील गेल्यापासून ती नातेवाइकांची लग्नं सोडली तर कुठंच गेलेली नाही.

तर मुलाने एक व्हिडिओ दाखवला, क्राबी शहराच्या उत्तरेला आओ लुएक म्हणून भाग आहे, तिथे बो थो नावाच्या धक्क्यावरून कयाक घेऊन कांदळवनातून जातात आणि मग थाम लोट नावाच्या गुहेत एका बाजूने शिरून डोंगराच्या दुसऱ्या बाजूला निघतात, वर छतावरून दगडाच्या लोंब्या लटकलेल्या. आईने तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाली, मला बाकी काही दाखवू नका, इथं न्या. तिने स्वतःहून काही मागितलं असं मला आठवतच नाही, त्यामुळे मला हे करायचंच आहे.

पण मला आणि नवऱ्याला पोहता येत नाही. आईला येतं, लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलीय, पण त्याला पन्नास वर्षं झाली आणि आता गुडघे दुखतात. मुलगा तीन वर्षं पोहायला जातोय. गुहेत होडी उलटली तर काय होतं, अंधारात काय करायचं, भरतीचं पाणी वाढलं तर आत अडकायला होतं का, आणि जायच्या आधी इथे नाशिकमध्ये किंवा कोकणात कुठे सराव करता येईल का, ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा. नको जाऊ असं असेल तर तसंही सांगा.

गोदाकाठचा_भटक्या

ताई, जा. मी दोन वर्षांपूर्वी गेलोय, बायको आणि तिच्या मावशीसोबत, मावशी तेव्हा साठीच्या होत्या आणि त्यांनाही पोहता येत नव्हतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, समुद्राच्या गुहा सगळ्या सारख्या नसतात. खुल्या समुद्राकडे तोंड असलेल्या गुहेत लाट शिरते, आत जागा अरुंद होत जाते तसं पाणी वर चढतं आणि होडी छताला नेऊन आपटते, तिथे चांगले कयाकवालेही वारं आणि लाट बघूनच जातात. आओ लुएकचा भाग तसा नाही. तो फांग न्गाच्या उपसागराच्या कडेला आत वळलेला आहे, समोर बेटं, मागे कांदळवन, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा आपल्या धरणासारखं असतं. म्हणून नवशिक्यांना तिथे नेतात. तुमच्या मुलाने जागा चांगली शोधलीय.

दुसरं म्हणजे दगड. आपण नाशिककर गुहा म्हटलं की पांडवलेणी डोळ्यासमोर आणतो, पण ती माणसाने काळ्या बसाल्टमध्ये कोरलेली लेणी, २४ आहेत, भिंती सरळ, कोपरे काटकोनात. तिथला डोंगर चुनखडीचा, पावसाच्या किंचित आंबट पाण्याने तो हजारो वर्षं विरघळत आलाय, त्यामुळे आत सरळ रेघ म्हणून सापडत नाही. छतावरून थेंब पडतात त्यातला चुना साचून त्या लोंब्या बनतात. त्यांना हात लावू देऊ नका कुणाला, आपल्या हाताचं तेल लागलं की त्या जागी चुना नीट धरत नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा, कारण आत गेल्यावर हात आपोआप वर जातो.

जवळच फी हुआ तो म्हणून दुसरी गुहा आहे, नावाचा अर्थ मोठ्या डोक्याचं भूत, तिथे मोठाल्या कवट्या सापडल्या म्हणून. आत भिंतीवर फार जुनी चित्रं आहेत, माणसं, प्राणी, हाताचे ठसे. तिथे होडीतून उतरून चालत आत जायचं असतं. मावशी त्या हाताच्या ठशासमोर बराच वेळ उभ्या होत्या आणि मग म्हणाल्या, आपण वास्तुशांतीला दारावर उठवतो तसाच आहे गं. मला ते अजून आठवतं.

आता भरतीचं. त्याआधी एकदा आम्ही फुकेतहून फांग न्गाची पॅकेज टूर केली होती. तिथल्या बेटांच्या आत हाँग असतात, थाई भाषेत हाँग म्हणजे खोली. डोंगर आतून पोकळ होऊन वरचं छत कधीतरी कोसळलेलं, त्यामुळे चारी बाजूंनी कडे, वर आकाश, खाली पाणी, आणि आत जायला एकच बुटका बोगदा. पाणी फार चढलं की बोगद्याचं तोंड बुडतं, फार उतरलं की होडी चिखलात बसते, मधल्या तास दोन तासांतच जायचं असतं. टूरवाल्यांनी हॉटेलांमधून माणसं गोळा करण्यात सकाळ घालवली, पोचलो तेव्हा पाणी वर आलेलं, दोनपैकी एकच हाँग झाला आणि दुसऱ्याच्या तोंडापासून परत. पैसे तेवढेच घेतले. म्हणून बुकिंग करताना "किती वाजता निघणार" हे विचारू नका, "त्या दिवशी पाणी किती वाजता कसं आहे आणि आपण गुहेच्या तोंडाशी किती वाजता असू" हे विचारा. ज्याला याचं उत्तर लगेच देता येईल त्याच्याकडेच पैसे भरा.

जो एक हाँग झाला त्यात गाईडने आम्हाला होडीत उताणं झोपायला लावलं, नाकापासून वीतभर वर दगड, आणि त्या दगडाला कालवं चिकटलेली, ब्लेडसारखी धार. शेजारच्या होडीतल्या एकाने छताला हात टेकून होडी ढकलायला बघितली, तळहात फाटला. हात आत, कोपर आत, वल्हं पायांच्या मधे आडवं ठेवून गप पडून राहायचं, गाईड नेतो.

गुहागरचा_नाशिककर

वरच्यांनी कालवांचं सांगितलं ते शंभर टक्के. नाशिककरांसाठी सोपं करून सांगतो, रामकुंडावर पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो ना, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, तसं गुहेच्या भिंतीवर कालवांचा पट्टा बघायचा. पट्टा जिथे संपतो निदान तिथपर्यंत तरी भरतीचं पाणी येतं, उधाणात त्याच्याही वर. पट्टा छतापर्यंत असेल तर ती जागा भरतीत भरते, तिथे रेंगाळायचं नाही. एवढं आईंना सांगा, शेतकरी माणूस आहे, त्यांना पाण्याची खूण लगेच कळेल.

अमावस्या पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ओढही जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी निवांत. तारखा हातात असतील तर कालनिर्णय बघून कयाकचा दिवस अष्टमीच्या जवळ धरा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, पण हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा, तिकडे लावू नका, तिकडचं भरतीचं टेबल नेटवर बघा. उधाण आणि भांग मात्र सगळीकडे तिथीप्रमाणेच, कारण चंद्र एकच.

आणि सरावासाठी कोकणातल्या गुहा बघू असं मनात असेल तर हात जोडून सांगतो, नको. आमचे कडे पश्चिमेला तोंड करून उभे, समोर अख्खा अरबी समुद्र, मधे अडवायला काही नाही. कातळातल्या भेगा लाटांनी रुंद करून केलेल्या घळी आहेत त्या, बघताना शांत वाटतात आणि एखादी मोठी लाट येते. हरिहरेश्वरला नुसत्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, पायी चालताना, ओहोटी न बघता गेलेली माणसं वाहून गेलीत. माझ्या लहानपणी आमच्या वाडीतला एक मुलगा कालवं काढायला गेला आणि घळीतून परत आला नाही, त्याची आई कितीतरी वर्षं ओहोटीच्या वेळी तिथे जाऊन उभी राहायची. म्हणून एवढं लिहिलं. कोकणात कयाक करायचीच तर खाडीत करा, तारकर्ली देवबागच्या खाडीत वगैरे, खुल्या समुद्रात नको.

पहाटेचा_रोवर

सरावाचं मी सांगतो, मी कॉलेजात असताना केटीएचएमच्या बोट क्लबवर गोदावरीत रोइंग करायचो. नाशिकला पाण्याची परंपरा नाही असं लोक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने होडी मारून १३वा आला आणि २०१८च्या एशियाडमध्ये चौघांच्या होडीत सुवर्ण घेऊन आला. रोइंगमध्ये तोंड मागे असतं आणि कयाकमध्ये पुढे एवढा फरक सोडला तर पाणी तेच.

गंगापूर धरणाच्या बोट क्लबला फोन करून कयाक मिळते का विचारा, मिळाली तर सकाळी लवकर जा, अकरानंतर वारं सुटतं. तिथे गुहा नाही पण शिकायचं ते सगळं तिथेच शिकता येतं. क्राबीला बहुतेक ठिकाणी वर बसायची कयाक देतात, आत पाय घालून बसायची नाही, त्यामुळे उलटली तरी अडकत नाही, तुम्ही नुसते पाण्यात पडता आणि लाईफ जॅकेट वर धरतं. खरी भीती पडण्याची नसते, परत वर चढता न येण्याची असते. म्हणून काठाजवळ, छातीभर पाण्यात, मुद्दाम पडून बघा. होडीच्या बाजूला या, हात लांब करून पलीकडची कड धरा, पाय मागे पाण्याच्या वर येतील इतके झाडा आणि पोटावर आडवे होडीवर सरका, सीलमाशासारखं, मग कूस बदलून बसा. उभं राहून चढायला गेलात की होडी अंगावर येते. पहिल्या दोन वेळा जमत नाही, चौथ्या वेळी जमतं. तुम्ही आणि मिस्टर दोघांनी हे केलंत की पोहता येत नाही याचं दडपण निम्मं जाईल.

जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत वर आलं तर सैल आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. हे प्रत्येक वेळी करा, क्राबीलासुद्धा, लाज वाटू देऊ नका. आणि डबलमध्ये मागे बसतो तो दिशा देतो, पुढचा नुसता ताल धरतो. मुलाला आईंच्या पुढे बसवू नका, आईंना गाईडच्या पुढे बसवा.

निफाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गुहागरच्या दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, कोकणचा विचार डोक्यातून काढला. एकच शंका राहिली, आईच्या गुडघ्यांचं. पाय लांब करून तास दीड तास बसणं तिला जमेल, पण उठताना?

गोदाकाठचा_भटक्या

मावशींचाही तोच त्रास होता. चढताना आणि उतरताना दोन माणसं लागतात, एक होडी धरायला, एक हात द्यायला. उतरताना आधी पाय होडीच्या एकाच बाजूला बाहेर सोडायचे, गुडघाभर पाण्यात टेकवायचे, मग पाण्याच्या आधाराने उठायचं, बसल्या जागेवरून सरळ उठायला जायचं नाही. पाण्यात उतरल्यावर शिंपल्यांवर पाय कापतो, म्हणून मागून पट्टा असलेली सँडल घाला, चप्पल चिखलात राहते. पाठीला टेकू असलेली सीट आहे का ते आधी विचारा, सगळ्यांकडे नसते. आणि खाजणातून जाताना चिखलावर बघा, निवटे दिसतील, मासे असून चिखलावर उड्या मारतात, मुलाला दाखवा. एक दिवस जास्त असेल तर फांग न्गाला को पान्यी गाव करा, अख्खं कोळीवाड्यासारखं गाव पाण्यात खांबांवर उभं आहे, मुसलमान मच्छीमारांचं, पोरांनी पाण्यावर तरंगतं फुटबॉल मैदान केलंय. लोक राहतात तिथे, मशीद आहे, अंगभर कपडे घालून जा.

निफाडची_लेक

अपडेट देते. काल रविवारी गंगापूरला गेलो होतो. मी आठ वेळा पडले, सहाव्या वेळी पहिल्यांदा स्वतः वर चढले. नवऱ्याला अजून एक रविवार लागेल. आई काठावर बसून बघत होती, मग म्हणाली जॅकेट आण इकडे, आणि साडीवर शर्ट घालून, जॅकेट घालून पाण्यात उतरली. पट्टा ओढून बघितला, कानापर्यंत आला, पुन्हा आवळला. मग ती पाठीवर पडून नुसती तरंगत राहिली, डोळे मिटून, हात पसरून, पाचेक मिनिटं तरी. बाहेर आल्यावर म्हणाली, डब्यापेक्षा हे बरंय, डबा पाठीला काचायचा.

परत येताना गाडीतच तिने मोबाईलवर तिथी बघितली. कयाकचा दिवस अष्टमीच्या आधीचा ठरलाय. टूरवाल्यांना तो पाण्याच्या वेळेचा प्रश्न विचारला, दोघांनी सांगतो म्हणून फोन ठेवला, तिसऱ्या बाईने तिथल्या तिथे टेबल काढून वेळ सांगितली आणि सीटला टेकू आहे हेही सांगितलं, तिच्याकडेच बुक केलं.