उताराच्या जमिनीवर पोलादी सुरक्षा कुंपण : मदत हवी आहे

नमस्कार. पुण्याजवळ मुळशी तालुक्यातील आमच्या उताराच्या जागेला पोलादी जाळीच्या तयार पॅनेलचे, साधारण सहा फूट उंचीचे सुरक्षा कुंपण घालायचे असून त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. वरच्या बाजूला वीतभर मुरूम काढला की काळा कातळ लागतो, तर खालच्या बांधालगत काळी माती आहे, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते.

ठेकेदाराचे म्हणणे असे की, खांब ओळंब्यात उभे करून प्रत्येक पॅनेल पायरीसारखे खाली उतरवत न्यावे. वेल्ड केलेले ताठ पॅनेल उताराप्रमाणे झुकत नाही, हे मला पटते. परंतु तसे केल्यास प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी फट राहते, आणि आमच्याकडे रानडुकरांचा वावर असल्याने ती मोकळी सोडून चालणार नाही. तिथे काँक्रीटची पडदी बांधली तर वरून येणारे पाणी तुंबेल, अशी भीती वाटते. कोणी पडदीत पाण्याला वाट ठेवून किंवा उताराप्रमाणे झुकणारे पॅनेल वापरून काम केले असल्यास कृपया अनुभव सांगावा.

कातळात छिद्र पाडून खांब ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) पक्का करावा, की खांबाच्या तळाची बेसप्लेट (पोलादी पाटी) कातळात बसवलेल्या अँकर बोल्टने आवळावी? काळ्या मातीत पाया किती खोल न्यावा? शिवाय जागेवर कापल्यामुळे गॅल्व्हनाइझिंग (गंजरोधक जस्ताचा थर) गेलेल्या कडांना लावलेला झिंकयुक्त रंग मुळशीच्या पावसात टिकतो का, हेही कळवावे.