'आक्रोश'मधील वकील आणि लहान्याचे मौन

गोविंद निहलानींचा 'आक्रोश' (१९८०) हा चित्रपट क्रांतिकारी आहे, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. कॅमेरा भास्कर कुलकर्णी या तरुण वकिलाच्या तळमळीमागे फिरतो आणि पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला त्याचा आदिवासी अशील लहान्या भिकू जवळजवळ अखेरपर्यंत गप्प राहतो. बापाच्या चितेपाशी लहान्या, पत्नीवर आलेली वेळ बहिणीवर येऊ नये म्हणून, तिच्यावर कुऱ्हाड चालवतो, तेव्हाच त्याला कंठ फुटतो. आमच्या खानदेशात मात्र शहाद्याचे भिल्ल शेतमजूर त्याआधीच, सत्तरच्या दशकाच्या आरंभी, भिल्ल नेते अंबरसिंग महाराज यांच्यासोबत हातून गेलेल्या जमिनींसाठी उभे राहिले होते आणि शहरी सुशिक्षित तरुण त्यांना येऊन मिळाले होते. विजय तेंडुलकरांच्या पटकथेत ठळकपणे बोलणारा आदिवासी म्हणजे सरकारी वकील दुसाने; पण आपल्या लोकांवरच्या अन्यायाबद्दल तोही गप्पच. मध्यमवर्गात पोहोचलेल्या या माणसाची सावध चुप्पी मला भास्करच्या अस्वस्थतेहून अधिक बोचते.