स्कापा फ्लोमधली बुडालेली जर्मन जहाजं : ठाण्यात राहून तयारी कशी करू?

मानपाडा_डायव्हर
नमस्कार मंडळी. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स केला, नंतर अंदमानात ॲडव्हान्स्ड. आता एकच गोष्ट डोक्यात बसलीय. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथल्या स्कापा फ्लोमध्ये पहिल्या महायुद्धातल्या जर्मन आरमाराची जहाजं तळाशी आहेत, ती बघायची. बहीण एडिंबरोला असते, त्यामुळे अर्धा खर्च वाचेल. पण आपण पडलो टी-शर्ट घालून पाण्यात उतरणारी माणसं. जाड वेटसूटवर भागेल का? माझं ३० मीटरचं कार्ड पुरेल का? आणि रॉयल ओक हे जहाज आत शिरून बघता येतं का? जाऊन आलेल्यांनी सांगावं.

ऐरोली_सेक्टर८
वेटसूटचा विचार सोडून द्या दादा. निओप्रीनमधले हवेचे बुडबुडे खोलीवर चेपतात, ३० मीटरवर सूट पातळ होऊन जातो. ड्रायसूटच लागेल, म्हणजे आत पाणी न शिरणारा सूट. बाकी बेलापूरच्या काकांची वाट बघा, ते जाऊन आलेत.

बेलापूरचे_काका
मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये होतो आणि स्कापाला गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रॉयल ओक, ती ब्रिटिश युद्धनौका. तिथे जायचं नाही. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जहाज नांगरावर असताना यू-४७ या जर्मन पाणबुडीने टॉर्पिडो मारले, ८३५ माणसं गेली. ती युद्धसमाधी आहे, परवानगीशिवाय तिथे डाइव्ह मारणं गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी मी गेलो नसतो.

तुला बघायचीत ती जहाजं वेगळी. नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविरामानंतर जर्मनीची ७४ जहाजं तिथे आणून अडकवून ठेवली होती. २१ जून १९१९ ला ब्रिटिश ताफा सरावाला बाहेर पडला, तेवढ्यात ॲडमिरल फॉन रॉयटर यांनी निशाणांनी हुकूम दिला आणि जहाजांवरच्या माणसांनीच सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा) उघडले, पोर्टहोल उघडे टाकले, वॉटरटाइट दरवाजे सताड उघडे ठेवले. त्या एका दिवसात ५२ जहाजं बुडाली. आमचा अख्खा जन्म पाणी बाहेर ठेवण्यात गेला, त्यामुळे हे वाचताना माझ्या पोटात अजून कालवतं. पुढे बरीचशी जहाजं भंगारासाठी वर काढली गेली. मोठ्यांपैकी सात उरली, तीन युद्धनौका आणि चार लाइट क्रूझर.

युद्धनौकांच्या वाटेला पहिल्या खेपेत जाऊ नकोस. तोफांच्या बुरुजांचं वजन वर, म्हणून बुडताना त्या पालथ्या झाल्या. मार्कग्राफचा तळ ४५ मीटरवर आहे, तुझ्या कार्डाच्या पलीकडे. क्रूझर कुशीवर पडलीत, त्यामुळे जहाज जहाजासारखं दिसतं. कोल्न घे. १५५ मीटर लांब, उजव्या कुशीवर, समुद्राचा तळ ३६ मीटरवर, पण वरची कूस २२ च्या आसपास, म्हणजे ३० च्या आत राहूनही पुष्कळ बघता येतं. हिरवट अंधारात आधी काहीच नसतं, मग एकदम समोर भिंत येते. तिच्यावर पांढरे-केशरी समुद्रफुलांचे गुच्छ इतके दाट की पोलाद शोधावं लागतं. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे गेलास की नांगराची साखळी ओढणारे कॅपस्टन आडवे दिसतील. मी तिथे खिळल्यासारखा थांबलो होतो, कारण तशाच कॅपस्टनला मी ग्रीस लावलेलं आहे.

आता खरा मुद्दा, हात. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी १३-१४ अंश असतं, वसंतात ७-८. अंग ड्रायसूटमध्ये उबदार राहतं, हात आधी जातात. गेजची क्लिप बोटांत आहे की निसटलीय हे स्पर्शाने कळत नाही, मान वळवून बघावं लागतं. आणि त्याच बोटांनी तुला सूटमध्ये हवा भरायची, रीलचा (दोरीच्या चरखीचा) खटका सोडायचा, आपण कुठे आहोत हे बोटीला दाखवणारा सिग्नल बोया वर पाठवायचा. हे काम तिथे दुसरं कोणी करून देत नाही. अंदमानात इन्स्ट्रक्टर पुढे पोहतो, तुम्ही मागे. तिकडच्या बऱ्याच बोटींवर गाइड नसतोच. कप्तान शॉटलाइनपाशी, म्हणजे बुडालेल्या जहाजापर्यंत खाली जाणाऱ्या दोरीपाशी सोडतो. बेत तुझा, बडी (डाइव्हचा जोडीदार) तुझा, वर येताना बोया तुझा.

म्हणून ठाण्यात बसून करण्यासारखं काम हेच. पूलवाल्याला आणि लाइफगार्डला सांगून परवानगी काढ, पाच मिलिमीटरचे हातमोजे चढव, आणि रील, बोया, क्लिप, मास्क हे सगळं डोळे मिटून कर. एका जागी तरंगत, वरखाली न होता जमलं पाहिजे. मी वाशीत हेच करत बसायचो, पोरं गंमत बघायची.

ड्रायसूट मात्र शिकवणाऱ्याकडूनच शीक. त्यात हवा असते आणि ती सरकते. डोकं खाली गेलं की हवा पायांत चढते, बूट फुगतात, आणि हवा सोडायचा व्हॉल्व्ह असतो दंडावर. मग माणूस पाय वर करून पृष्ठभागाकडे सुटतो. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ कसं व्हायचं हे अंगात मुरलं पाहिजे. बहीण तिकडे आहेच, तर थोडे दिवस आधी जा आणि इंग्लंडात लेस्टरशरच्या स्टोनी कोव्हसारख्या पाणी भरलेल्या खाणीत कोर्स कर.

रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा श्वासाला देणारं यंत्र, इथून नेणार असशील तर त्याच्यावर '>१०' अंशांची खूण आहे का बघ. असेल तर तो थंड पाण्यासाठी नाही. दाबातली हवा सुटताना आणखी गार होते, टँकला जोडलेल्या फर्स्ट स्टेजमध्ये बर्फ धरतो आणि हवा धो-धो वाहायला लागते.

मानपाडा_डायव्हर
काका, खूप आभार. कोल्नच ठरलं. नायट्रॉक्सचं (जादा ऑक्सिजनच्या हवेचं) कार्ड आहे माझ्याकडे, ३२ टक्के ऑक्सिजन चालेल ना? आणि टँक १२ लिटरचा एकच पुरेल?

बेलापूरचे_काका
ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, त्या हिशेबाने ३२ टक्क्यांची मर्यादा ३३ मीटर. तू ३० च्या आत राहणार म्हणून चालेल, पण कोल्नच्या तळाकडे घसरलास की हिशेब बिघडला. हवेचं गणित आजच कागदावर मांड. मिनिटाला २० लिटर श्वास धरला तर १० मीटरवर ४० लागतात, ३० मीटरवर ८०. थंडीत आणि धास्तीने त्याहून जास्त. २३२ बारचा १२ लिटर म्हणजे २,७८४ लिटर. त्यातला बडीसाठीचा आणि वर येण्याचा साठा बाजूला काढ, उरतं ते बघ. मी तरी जुळा टँक घेईन. तेही इथे आधी अंगावर घेऊन बघ, वजन भलतंच असतं.

ऐरोली_सेक्टर८
काकांनी युद्धसमाधीचं लिहिलं ते वाचून आपली बुडालेली युद्धनौका आयएनएस खुकरी आठवली. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दीवला स्मारक आहे, सगळ्यांनी एकदा जाऊन यावं. मानपाडावाले दादा, कोल्नवरून काहीही उचलू नका. एक खिळासुद्धा नको.

बेलापूरचे_काका
बरोबर बोललास. ती जहाजं कायद्याने संरक्षित आहेत, खिळा उचलणं हाही गुन्हाच.

आणि परतीचं. शेवटच्या डाइव्हनंतर २४ तास विमान नको. कर्कवॉलहून उडण्यापेक्षा स्ट्रॉमनेसहून स्क्रॅबस्टरची फेरी पकड, दीड तासाची आहे, मग रस्त्याने बहिणीकडे. डायव्हिंगचा विमा वेगळा काढ, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत एवढी खोली बहुधा बसत नाही. तारीख ठरली की इथे टाक, जुळ्या टँकचा माझा पट्टा आणि प्लेट पडून आहे, बेलापूर स्टेशनला येऊन घेऊन जा.