अनुभव धागा: दक्षिणेचा तांबडा उजेड आणि आपल्या वावरातलं आभाळ

मंडळी, एक गोष्ट सांगते. ११ मे २०२४, आखजीचा दुसरा दिवस. दुपारी साडेबाराला कुलरमध्ये पाणी टाकून मी जरा टेकले होते, तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला नर्स आहे. तिकडं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. एरवी फोन लावला की "आई, जेवलीस का?" हे तिचं पहिलं वाक्य असतं. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. तिनं नुसता कॅमेरा फिरवला आणि माझ्या फोनभर गुलाल पसरला.

मला वाटलं कुठं तरी आग लागली. "अगं, पळ ना तिथून," मी म्हटलं. तर म्हणाली, "आई, आग नाही, आभाळ आहे." मागून समुद्राचा आवाज येत होता आणि थंडीनं तिचे दात वाजत होते. खाली काळं पाणी, त्यावर हिरवट पट्टा आणि तिथून पार डोक्यावर गेलेले तांबडे, गुलाबी उभे पट्टे. कोष्ट्याच्या मागावर ताणा लावलेला असतो ना, तसे. आणि तो ताणा हलत होता.

इकडं आमच्या हिंगणघाट तालुक्यात अंगणात पाय ठेववत नव्हता. ती म्हणाली, "आई, तुझ्या डोक्यावर जो तापून राहिला ना, त्याचंच हे काम आहे." सूर्यावर डागांचा एक मोठा गट होता. तिथून लागोपाठ स्फोट झाले, तो सगळा ऐवज पृथ्वीपर्यंत आला आणि पृथ्वीच्या चुंबकत्वानं त्याला दोन्ही ध्रुवांकडं वळवलं. उत्तरेकडं दिसतो तो उत्तर ध्रुवप्रकाश, तिकडं दिसतो तो दक्षिण ध्रुवप्रकाश. एवढं जोरदार वादळ २००३ नंतर पहिल्यांदाच आलं होतं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या वेळी मी फक्त पाहत होते.

माझे सासरे, आमचे मामाजी, जन्मभर ज्वारीच्या जागलीवर गेले. त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं. खाटलं, म्हणजे सप्तर्षी, कुठं आलं, विंचू किती वर चढला, मृग कुठं कलला, यावरून ते वेळ सांगायचे. लेक लहान असताना त्यांच्याजवळ खळ्यावर झोपायची. खाटल्याचे चार खूर आणि ते पळवणारे तीन चोर तिला त्यांनीच दाखवले. ती ड्युनेडिनला गेली त्या पहिल्या आठवड्यात मला म्हणाली होती, "आई, इथं खाटलं उगवतच नाही." नवा देश, नवी नोकरी, थंडी, यातल्या कशाबद्दलही ती रडली नाही. त्या वाक्याला मात्र तिचा आवाज भरून आला होता.

म्हणून हा धागा. तुमच्यापैकी कोणी दक्षिणेचा प्रकाश स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तर लिहा. आपल्या गावातून आभाळात असं काही पाहिलं असेल जे विसरता येत नाही, तर तेही लिहा. फोटो नसला तरी चालेल. नेमकं काय दिसलं, सोबत कोण होतं, तेव्हा मनात काय आलं, ते हवं आहे.

वरुड तालुका, सध्या इन्व्हरकार्गिलजवळ डेअरीवर

काकू, तुमची मुलगी ज्या समुद्रापाशी उभी होती त्याच्या आणखी खाली, पार दक्षिणेच्या टोकाला मी असतो. आमचं काम पहाटे चारला सुरू होतं. पहिल्यांदा मी हा उजेड पाहिला तो मार्च महिन्यात, गाई आणायला क्वाड बाईकवर जाताना. दक्षिणेला खाली भुरकट पट्टा होता. मले वाटलं शहराचे लाईट असतील. मग ध्यानात आलं का त्या बाजूनं शहरच नाही, नुसता समुद्र आहे. गाडी बंद केली, लाईट बंद केला. पाच मिनिटांनी त्या पट्ट्यातून उभे खांब निघाले अन् हळूहळू डावीकडं सरकत गेले. रंग काही दिसत नव्हता. मोबाईल कुंपणाच्या खांबावर टेकवून दहा सेकंदांचा फोटो घेतला तर वरून तांबडा, खालून हिरवा.

मग नादच लागला. ओरेटी बीचवर पाच वेळा गेलो अन् पाचही वेळा ढगानं झाकलेलं आभाळ पाहून परत आलो. पहाटे चारला उठणाऱ्या माणसानं रात्री बारापर्यंत वाळूत उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्यानं हरभऱ्याला रात्रीच्या लाईनवर पाणी दिलं त्याले सांगावं लागत नाही. लाईन येईल का नाही, माहीत नसते. तरी आपण मोटरीपाशी बसूनच असतो.

११ मेच्या रात्री मात्र फोटो घ्यायची गरजच नव्हती. साध्या डोळ्याले तांबडं दिसत होतं. बीचवर गाड्याच गाड्या होत्या, पण सगळ्यांनी लाईट बंद केलेले. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. माझ्याजवळ एक म्हातारा घोंगडीत नातीला गुंडाळून उभा होता. मी घरी फोन लावला. बाबा संत्र्याच्या बागेत होते, बांधावर नेटवर्क येईना. आईला दाखवलं. बाबांना दाखवायचं राहून गेलं.

एक गोष्ट इथं आल्यावर समजली, ती सांगतो. ऑक्सिजनचा हिरवा उजेड साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर तयार होतो. तांबडाही ऑक्सिजनचाच, पण २०० किलोमीटरच्या वरचा. आपण जितकं दूर असू तितका खालचा हिरवा भाग क्षितिजाखाली लपतो आणि नुसता वरचा तांबडा शेंडा दिसतो. टेकडीमागच्या पळसाचं खोड दिसत नाही, फुलं तेवढी दिसतात, तसं. आमच्या समोर समुद्रात जे बेट आहे त्याला माओरी लोक राकिउरा म्हणतात. त्याचा अर्थ 'उजळणारं आभाळ' असा सांगतात.

अचलपूरकडची, लेकीच्या बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियात होबार्टला सहा महिने

मी पाहिला, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो खरा खरा सांगते. ऑगस्टमधली रात्र होती. तिकडं तो ऐन हिवाळा. नात सव्वा महिन्याची. जावईबापू म्हणाले, "आई, चला, आज दिसण्याची शक्यता आहे." साउथ आर्म म्हणून समुद्रात गेलेली जमिनीची पट्टी आहे, तिथं गेलो. अर्धा तास मला काहीच दिसलं नाही. मग ते म्हणाले, "तो पाहा." तरीही मला धुक्यासारखं पांढुरकंच दिसत होतं. गुरं घरी येताना वाटेवर जी धूळ उडते आणि त्यातून उजेड येतो, तेवढंच. त्यांच्या फोनमध्ये मात्र जांभळं, हिरवं, तांबडं. मला वाईट वाटलं. मी विचारलं, "मग फोनमधलं खोटं का?"

त्यांनी नीट समजावलं. अंधारात आपल्या डोळ्याला उजेड कळतो, रंग कळत नाही. कॅमेरा दहा-पंधरा सेकंद उजेड साठवतो म्हणून त्याला रंग सापडतो. दोन्ही खरंच. ते ऐकून मी फोनकडं पाहणं सोडलं आणि आभाळाकडंच पाहत बसले. थोड्या वेळानं तो पांढुरका पडदा एकदम जोरात हलला, कोणी तरी झटकल्यासारखा. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रंग नसूनही.

नातीला शालीत घेऊन लेक गाडीत बसली होती. मी काच वाजवून तिला बाहेर बोलावलं. बाळंतिणीनं वाऱ्यात येऊ नये, हे मीच तिला महिनाभर सांगत होते. त्या रात्री मीच तिला बाहेर काढलं.

एटापल्लीकडून

एवढंच विचारायचं आहे. आपल्या इथून हे कधीच दिसणार नाही का?

दर्यापूर तालुका, विज्ञान शिक्षक

चांगला प्रश्न आहे. दक्षिणेचा दिसणार नाही, कारण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २१ अंशांवर आहोत. आपल्याकडून दिसलाच तर उत्तरेचा दिसेल, तोही उत्तर क्षितिजाशी, तांबडा. ११ मेच्या पहाटे लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांनी असाच तांबडा उजेड टिपला होता.

आणि 'कधीच नाही' असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय उपकरणांनी नोंदवलं. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही त्या नोंदीकडं वळतात. पुढं ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर खुद्द मुंबईतून ध्रुवप्रकाश दिसल्याची नोंद आहे. मुंबई आपल्यापेक्षाही थोडी दक्षिणेला. मी दरवर्षी नववीच्या वर्गात हे सांगतो आणि दरवर्षी एक तरी मूल विचारतं, "सर, मग पुन्हा कधी?" त्याचं उत्तर सूर्याकडं आहे. पण आपली आदित्य-एल१ मोहीम आता त्याच्यावर सतत नजर ठेवून आहे, हे सांगताना मला फार बरं वाटतं.

सिंदेवाही तालुका, धानउत्पादक

आमच्या भागातलं तर तुम्ही सर्वांनी टीव्हीवर पाहिलंच असेल. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढी उतरवून झाली होती. पावणेआठच्या सुमारास पोट्टे ओरडत आले. बाहेर येऊन पाहतो तर आभाळात जळते गोळे, एकामागं एक, शेपट्यांसकट, एका ओळीत चाललेले. तारा तुटतो तो डोळा मिटायच्या आत जातो. हे सावकाश जात होतं. माझी आई हात जोडून उभी राहिली. शेजारचे बुवा म्हणाले विमान फुटलं. मला मात्र आठवलं, मोहफुलं वेचायला उद्या पहाटे बायका रानात जाणार आहेत आणि हे नेमकं कुठं पडणार?

लाडबोरीला धातूचं भलं मोठं कडं पडलं, जवळपास ३ मीटर व्यासाचं. पवनपारकडं धातूचा गोळा सापडला. चिनी रॉकेटचे हे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी पोराला घेऊन कडं पाहायला गेलो. त्याला हात लावायचा होता, पोलिसांनी लावू दिला नाही.

तुमच्या लेकीचा उजेड आणि आमचा उजेड एकसारखा नाही, हे मला माहीत आहे. एक देवानं दिलेला, दुसरा माणसाच्या हातून पडलेला. पण त्या दोन-तीन मिनिटांत अख्खं गाव वर मान करून उभं होतं. भांडणात असलेले दोन भाऊही एकाच अंगणात. ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

काटोल तालुका, संत्रा बागायतदार

आमचा तर भरदुपारचा अनुभव. २२ मे २०१२, दोन वाजून गेले होते. आधी आवाज आला, विहिरीत सुरुंग लावल्यासारखा, पण वरून. मग घरघर. कोणाच्या छपरावर, कोणाच्या वावरात काळे दगड पडले. बाहेरून जळालेले, आतून राखेच्या रंगाचे. माझ्या चुलत्यानं एक तुकडा देवघरात नेऊन ठेवला होता. नंतर भूवैज्ञानिक आले, त्यांना तो दिला. देताना चुलते रडले. पुढं आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं. आपल्या पृथ्वीच्या पोटात, शेकडो किलोमीटर खोल, तेच भरून आहे. चुलत्यांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे देवघरातच ठेवायचा होता तो."

सिल्लारी, पेंच

मी जंगलात गाईड आहे. सगळ्यांचं वाचून माझंही लिहावंसं वाटलं. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले. आता त्यांचा उजेड खाली जमिनीवरच पडतो, वर जात नाही. सुरुवातीला गावातल्या बायका म्हणाल्या, आधीच वाघाची भीती, त्यात हे उजेड कमी करून राहिले. तो प्रश्न खराच होता. पण वाट आधीइतकीच दिसते, हे पाहिल्यावर बोलणं थांबलं.

नागपूरहून येणारी लहान मुलं आकाशगंगा पाहून विचारतात, "ढग आहे का?" एका आजोबांनी दुर्बिणीला डोळाच लावला नाही. खुर्चीवर मान मागं टाकून बसले आणि म्हणाले, "मी हे लहानपणी पाहिलं होतं, मला वाटलं ते संपलं."

धागा काढणारी, पुन्हा

तुम्ही सर्वांनी एवढं मनापासून लिहिलं, मी प्रत्येक अनुभव लेकीला वाचून दाखवला. वरुडच्या मुलानं बाबांना दाखवायचं राहून गेलं असं लिहिलं, तिथं ती गप्प झाली. तिच्याही आजोबांना दाखवायचं राहिलंच.

काल रात्रीचं सांगते. एप्रिलची अवस आहे, आभाळ मोकळं आहे. लेक म्हणाली, आई, त्रिशंकू तुलाही दिसतो आणि मलाही. तुझ्याकडं तो दक्षिणेला अगदी खाली असतो, माझ्याकडं चांगला वर. पऱ्हाटी उपटून वावर रिकामं झालेलं, दक्षिणेला गावही नाही. रात्री दहाला मी आणि ह्यांनी बाज वावरात नेऊन टाकली. सव्वादहाला तिचा फोन आला. तिकडं पहाटेचे पावणेपाच, रात्रपाळीतला चहाचा वेळ. दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर ती उभी होती.

आधी मला सापडेना. ती फोनवरून सांगत होती, विंचवाच्या उजवीकडं ये, दोन ठळक तारे दिसतील, त्यांच्या आणखी उजवीकडं. धुऱ्यावरच्या बाभळीच्या शेंड्याच्या चार बोटं वर चार तारे होते. खालचा धुरकटात मिचमिच करत होता. ह्यांना आधी दिसला, मग मला.

"दिसला?" तिनं विचारलं.

"दिसला," मी म्हटलं. "तुला?"

"समोरच आहे."

मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. फोन चालूच होता. तिला वॉर्डातून कोणी तरी हाक मारली तेव्हा तिनं विचारलं, "आई, खाटलं कुठं आहे आत्ता?" मी मान वळवून उत्तरेला पाहिलं आणि सांगितलं, "पार वर आलंय. चोर तिघंही आहेत."