वळताना पुढून 'खट्' आवाज : कसं शोधलंत, काय बदललंत?

पावसाळा सरेपर्यंत ठाण्यातल्या घोडबंदर रोडचे खड्डे आणि पेव्हर ब्लॉकचे उंचसखल पट्टे पुढच्या सस्पेन्शनची पार वाट लावतात. मग 'पूर्ण सस्पेन्शन करून घ्या' असा सल्ला मिळतो, पण खराब असतो बहुतेक वेळा एकच भाग. म्हणून हा धागा. आवाज कधी येतो, कसा येतो, कसं तपासलंत आणि काय बदललंत, तेवढं नेमकं लिहा. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना) धरून चालू.

घोडबंदरकर
स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की 'कट-कट-कट', वेग वाढला की आवाजही भरभर: बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा (ॲक्सलचा) चाकाकडचा सांधा. रिकाम्या मैदानात आधी उजवीकडे, मग डावीकडे पूर्ण लॉकमध्ये (स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून) हळू गोल फिरवा. उजवीकडे वळताना वाजला तर बहुधा डावा जॉइंट, कारण भार बाहेरच्या चाकावर जातो. मग चाकामागे टॉर्च मारा. जॉइंटवरचा रबरी बूट (आवरण) फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतातच.

बूट नुकताच फाटलाय, आवाज नाही, ग्रीसमध्ये रेती नाही, तर जॉइंट धुऊन नवा बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागतं. आवाज सुरू झाला म्हणजे आतल्या खोबणी झिजल्या. नुसतं ग्रीस भरून पैसे वाया जातात. ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइडचंच हवं, किटमधलं पूर्ण पाकीट भरायचं (छोट्या गाड्यांना साधारण ८० ते १२० ग्रॅम). साधं पिवळं ग्रीस चालत नाही. ॲक्सलचा नट नवा घ्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा आणि त्याची कड खाचेत ठोकून बसवा. शाफ्ट गिअरबॉक्समधून उपसला तर गिअर ऑइल सांडतं. खाली भांडं ठेवा, ऑइल सील बघा आणि शेवटी पातळी भरून घ्या.

पाना_सतरा
सोसायटीच्या गेटवर तिरकं चढताना, एक चाक वर एक खाली असताना 'टक्-टक्': लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (गाडी वळणावर झुकू न देणाऱ्या दांड्याला) सस्पेन्शनशी जोडणारा छोटा रॉड. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारा भाग, म्हणून इथूनच सुरुवात करावी. पाम बीच रोडसारख्या गुळगुळीत रस्त्यावर हा आवाज येतच नाही. मेकॅनिकला चक्कर मारायला तिकडे नेऊ नका.

एकच चाक जॅकवर उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, रॉडवर ताण येतो आणि ढिलाई लपते. गाडी पिटवर (गॅरेजमधल्या खड्ड्यावर), चारही चाकं टेकलेली असताना रॉड हाताने जोरात हलवा. तरी शंका राहिली तर दोन्ही बाजूंचे रॉड सोडा, शाफ्टला किंवा टायरला लागणार नाहीत असे बांधा आणि गल्लीत १५-२० च्या वेगाने फिरवून बघा. आवाज गेला तर निदान पक्कं. वळणावर गाडी जास्त झुकेल, म्हणून हायवेला नेऊ नका. नट सोडताना मधला स्टड गरगर फिरतो. त्याच्या टोकाला ॲलन की लावून धरा.

ऐरोलीकर
उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टंग' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज: स्ट्रट माउंटचं बेअरिंग (स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बर जिथे वर बॉडीला बसतो तिथलं). एकाने इंजिन चालू ठेवून हळू स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्याने स्प्रिंगला बाहेरून तळवा टेकवावा. बोटं वेटोळ्यांत घालू नका. स्प्रिंग सलग न फिरता अडकून उडी मारत असेल तर बेअरिंग जाम. माउंटचं रबर आणि बेअरिंग एकत्र, दोन्ही बाजूंचं बदला, कारण मजुरी तीच पडते. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराशिवाय) वरचा नट सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग माणसाला जायबंदी करते.

वाशी_सेक्टर
रिव्हर्स घेऊन, वळवून, ब्रेक दाबला की एकदाच जड 'धप्प': लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या आर्मचा) मागचा बुश, म्हणजे रबरी गादी. टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म पुढेमागे ढकला. रबर चिरलेलं दिसेल. नवा बुश बसवल्यावर त्याचा बोल्ट शेवटचा कस गाडी चाकांवर उभी असतानाच द्या. जॅकवर असताना कसला तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. 'नवीन टाकूनही परत आवाज' याचं हे नेहमीचं कारण.

घोडबंदरकर
वाशी_सेक्टर, यात बॉल जॉइंटही (लोअर आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) जोडा. चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. ९ आणि ३ वर खेळ असला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या रॉडची दोन टोकं). बॉल जॉइंट ढिला असेल तर गाडी तिथेच ठेवा. तो निसटला की चाक आडवं होतं. घोडबंदर रोडवरच्या गायमुख घाटात तर विचारही नको. टाय रॉड एंड काढताना किती आटे फिरले ते मोजा, तितकेच फिरवून नवा बसवा, स्प्लिट पिन नवी घाला, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं).

खाडीकाठ
आवाज पायाशी, स्टिअरिंगच्या दांड्यातून जाणवतो का? उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं डावी-उजवी झटपट हलवा आणि पेडलजवळच्या जॉइंटला हात लावा. तिथे ठोका जाणवला तर कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट. तो ठीक असेल तर रॅक (स्टिअरिंगचं फिरणं आडव्या हालचालीत बदलणारा दात्यांचा भाग). रॅकचा ॲडजस्टर कसून आवाज दाबता येतो, पण जास्त कसला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

पाना_सतरा
गॅरेज गाठण्याआधी दोन मिनिटांचं काम: व्हील नट तपासा, डिकीतला जॅक-पाना घट्ट आहे का बघा, फेंडरचं प्लास्टिक टायरला घासत नाही ना ते पाहा. आणि ब्रेकला नुसता पाय टेकवताच खडखड थांबत असेल, तर सस्पेन्शनला हात लावण्याआधी कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना आणि पॅडच्या क्लिपा बघा.